नऊ पॉइंट तेहतीस

१९९४ सालच्या फेमिना मिस इंडिया स्पर्धेत शेवटी दोन मुलींचे गुण अगदी सारखे निघाले. ९.३३. ना एक शतांश इकडे, ना एक शतांश तिकडे. स्पर्धा गोव्यात होती. एक मुलगी मुंबईत वाढलेली, आर्किटेक्चर शिकणारी, आदल्याच वर्षी पेप्सीच्या जाहिरातीत काही सेकंद चमकून देशभर ओळखीची झालेली. दुसरी दिल्लीची, हवाई दलातल्या अधिकाऱ्याची लेक, वय अठरा, आणि तिचं नाव त्या रात्रीपर्यंत फारसं कुणाला माहीत नव्हतं. ऐश्वर्या राय आणि सुश्मिता सेन.

बरोबरी फोडायला दोघींना एकेक जादा प्रश्न विचारला गेला. ऐश्वर्याला विचारलं की नवऱ्यात कुणाचे गुण शोधशील, 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल'मधल्या रिज फॉरेस्टरचे की 'सांता बार्बरा'मधल्या मेसन कॅपवेलचे? (केबल नुकतीच आली होती आणि सगळा देश परदेशी मालिका बघत असावा अशी परीक्षकांची समजूत दिसते. आमच्या आरमोरीत तेव्हा दूरदर्शन दिसलं तरी नशीब म्हणायचं. अँटेना फिरवायला एक जण कौलांवर, एक जण अंगणात आणि एक जण टीव्हीपुढे, अशी तीन माणसं लागायची.) ऐश्वर्यानं मेसन निवडला. सुश्मिताला विचारलं की आपल्या देशाच्या वस्त्रपरंपरेबद्दल तुला काय माहीत आहे? तिनं गांधीजींच्या खादीपासून सुरुवात केली, तिथून आजच्या कपड्यांपर्यंत आली, आणि मुकुट तिला मिळाला.

पुढे कधीतरी यूट्यूबवर तो प्रसंग पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते आमच्याकडचं सावली. गडचिरोलीहून मूलकडे जाताना लागणारं, चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन तिथे भरलं होतं आणि गांधीजी स्वतः आले होते. खादीचं काम तिथे जोरात होतं. म्हणजे सुश्मिताच्या उत्तराचा एक धागा आमच्या रस्त्यावरून जातो! पण वस्त्रपरंपरा गांधीजींपासून सुरू होते हे आमच्या भागातलं कुणी मान्य करणार नाही. आरमोरीच्या आसपासचे ढिवर पिढ्यान् पिढ्या येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसत आले आहेत. किडे पानं खातात तेवढे दिवस माणसं जंगलात राहून पाखरं हाकलतात. त्या कोशांचं रेशीम म्हणजे आपला कोसा. माझ्या आजीच्या कोशाच्या लुगड्याला कधी इस्त्री लागली नाही आणि त्याचा रंगही कधी उडाला नाही, कारण तो मुळात लावलेला नव्हताच, किड्यानंच दिला होता. असो. परीक्षकांनी हे विचारलं नव्हतं आणि अठरा वर्षांच्या मुलीनं ते सांगावं अशी अपेक्षाही नाही.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. त्या रात्रीनंतर तीस वर्षं उलटून गेली, पण "त्या दोघींचं वैर" हा विषय संपलेला नाही. खरं तर घडलं ते असं. सुश्मितानंच फारूख शेख यांच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की ऐश्वर्या स्पर्धेत आहे हे कळल्यावर तिनं अर्ज परत घेतला होता. बऱ्याच मुलींनी घेतला होता म्हणे. घरी आल्यावर आईनं तिला झापलं, की हरायचंच असेल तर जिला तू सर्वांत सुंदर समजतेस तिच्याकडून हर. मग शेवटच्या फेरीचा पोशाख: कापड सरोजिनी नगरच्या बाजारातलं, शिवणारा शिंपी एरवी परकर शिवणारा, आणि हातमोजे म्हणजे नवे पायमोजे कापून केलेले. त्या पोशाखात ती जिंकली. मे महिन्यात मनिलाला मिस युनिव्हर्स झाली. नोव्हेंबरात ऐश्वर्या दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला मिस वर्ल्ड झाली. एका वर्षात दोन मुकुट, दोघींना एकेक. हरलं कोण? या गोष्टीत हरलेलं माणूसच नाही. तरी सूड, डूख, हाडवैर असले शब्द तिला चिकटलेच.

आणखी एक प्रसंग सुश्मितानंच सांगितलेला आहे. मनिलाला जायच्या आधी तिचा पासपोर्ट सापडेना. तेव्हा आयोजकांच्या बाजूनं असं सुचवलं गेलं की मिस युनिव्हर्सला ऐश्वर्या जाईल, तू नंतर मिस वर्ल्डला जा. ती अडून बसली. आपण जिंकलो आहोत तर आपणच जाणार. शेवटी तेव्हाचे केंद्रातले मंत्री राजेश पायलट यांच्या मदतीनं कागद झाले. आता या प्रसंगात तिचं भांडण कुणाशी होतं? ज्यांनी तराजू हातात धरला होता त्यांच्याशी. पण "सुश्मिता विरुद्ध आयोजक" असा मथळा कुणी छापला तर तो वाचणार कोण!

हे सगळं मी आत्ता का उगाळत बसले आहे, तर त्याला घरचं कारण आहे. (ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या दोघींना विचारून लिहिते आहे. एकीनं "लिही" म्हटलं, दुसरीनं "लिहा मावशी, पण नाव नको" असं कळवलं. त्यामुळे नावं नाहीत.)

माझी भाची आणि तिची मैत्रीण वडशाच्या एकाच गल्लीतल्या. पहिलीपासून एका बाकावर. बारावीनंतर दोघी नागपूरला फॅशन डिझायनिंग शिकायला गेल्या, एकाच खोलीत राहिल्या. कॉलेजच्या गॅदरिंगला सौंदर्यस्पर्धा झाली, मैत्रीण पहिली आली आणि भाची दुसरी. आठवड्याभरात मुलामुलींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मैत्रिणीचा एक जुना फोटो फिरायला लागला. शाळेतल्या समूहनृत्यातला, चप्प तेल लावलेल्या वेण्या, तोंडाला फासलेली पावडर, आणि खाली अत्यंत घाणेरडी ओळ. फोटो शाळेतला म्हणजे तो पाठवणार कोण? भाचीच. कारण ती दुसरी आली. इतकं सरळ गणित!

माझी बहीण, म्हणजे भाचीची सख्खी आई, मला फोनवर म्हणाली, "पोट्टीच्या मनात राग होताच नं. केलं असंल तिनंच." सख्खी आई! भाचीला मी विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, मी केलं असतं तर नीट कापून तरी टाकला असता. माझं कोपर राहिलंय त्यात." फोटोत खरोखरच कडेला कुणाचं तरी कोपर आहे. त्या नृत्यात तीस मुली होत्या आणि फोटो तिशींच्या घरी आहे. पण हे तपासायची गरज कुणाला वाटली नाही. खोली बदलली, बोलणं बंद झालं, दोन्ही आयांनी एकमेकींच्या घरचं हळदीकुंकू टाळलं.

मला भाचीचा शब्द खरा वाटतो. पण मी मावशी आहे, माझ्या वाटण्याला कोर्टात किंमत नाही. मला त्यात वेगळंच टोचत राहिलं. पुरावा गोळा होण्याआधीच गोष्ट तयार होती. पहिली, दुसरी, मत्सर, सूड. जणू घरात कुठेतरी कपाटात घडी घालून ठेवलेली होती, फक्त काढून अंगावर चढवली. ही गोष्ट इतक्या सहज आपल्याला सापडते कुठून?

आमच्या भागापुरतं उत्तर द्यायचं तर, नाटकातून. झाडीपट्टीच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा आमचा झाडीचा मुलूख, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत इथे गावोगावी रात्र रात्र नाटकं चालतात. रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडताना भैरवी होते. वडसा हे त्या सगळ्या धंद्याचं गाव. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे, बुकिंग तिथे, पोस्टरंही तिथेच. पूर्वी बायकांची कामं पुरुष करत, पुढे बायका आल्या, आणि बायका आल्यावर पोस्टरावर त्यांचे चेहरे मोठे होत गेले. २०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या लोकांनी 'झाडीपट्टी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आम्हाला मात्र ती थंडी, ते शेतातलं मैदान, पोत्यावर बसणं आणि गोधडीत गुंडाळून घेणं बालपणापासून पाठ आहे.

त्या नाटकांत दोन बायका असल्या की एक सोज्वळ आणि दुसरी नखरेल, हे ठरलेलं. सवत तरी असणार, जाऊ तरी असणार, नाहीतर गरिबाची लेक आणि पाटलाची लेक. पोस्टरावर दोघींचे चेहरे एकमेकींकडे डोळे वटारून, मध्ये बिचारा नायक. अर्धं तिकीट त्या डोळ्यांवर खपायचं. मी सातवीत असताना वडिलांच्या ओळखीनं एकदा रंगपटात शिरले होते. पडद्यापुढे मघाशी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या त्या दोघी एका मोडक्या आरशापुढे बसून एकाच डबीतलं काजळ घालत होत्या, आणि एकीचं तान्हं मूल दुसरीच्या मांडीवर झोपलेलं होतं. मला फार फसवल्यासारखं वाटलं होतं तेव्हा! भांडण खरं नाही तर पैसे कशाचे घेतले?

रॅम्पवरच्या भांडणाचा इतिहास पाहिला तर तिथेही पोस्टर छापणाराच आधी दिसतो. आपल्याकडे रूपाला बाजारात मोल आलं ते साबणापासून. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. लक्ससाठी उभी राहिलेली ती पहिली भारतीय सिनेतारका. मूळच्या धारवाडच्या, शिकलेल्या, मराठी रंगभूमीवरून आलेल्या. १९४७ साली प्रमिला, म्हणजे एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, मिस इंडिया झाल्या. (त्यांची मुलगी नकी जहाँ १९६७ साली मिस इंडिया झाली. मायलेकी दोघी मिस इंडिया!) १९५२ साली तर एकाच वर्षी नूतनचंही नाव मिस इंडिया म्हणून सांगतात आणि नर्तकी इंद्राणी रहमान यांचंही. त्या काळी स्पर्धा एकाच घरची नव्हती, जो भरवील त्याची होती.

खरी चुरस पुढे साठच्या दशकात आली आणि ती मुलींमध्ये नव्हती. ती होती दोन मासिकांमध्ये. एक 'ईव्हज वीकली' आणि दुसरं टाइम्स समूहाचं, १९५९ साली निघालेलं 'फेमिना'. दोघांचीही वेगवेगळी मिस इंडिया. ईव्हज वीकलीवाली मिस वर्ल्डला जायची, फेमिनावाली मिस युनिव्हर्सला. फेमिनाची पहिली विजेती १९६४ सालची मेहर मिस्त्री, पुढच्या मेहर कॅस्टेलिनो. कुणाची मुलगी जास्त चमकते यावर मासिकांची प्रतिष्ठा आणि खप. म्हणजे हाडवैर असलंच तर ते दोन संपादकांच्या टेबलांमध्ये होतं, आणि त्याची पताका मुलींच्या खांद्यावरून तिरपी बांधलेली होती.

आता या दोन छावण्यांतल्या दोन मुली पहा. फेमिनाची १९६५ सालची विजेती पर्सिस खंबाटा, मुंबईची पारशी मुलगी. ईव्हज वीकलीची १९६६ सालची विजेती रीटा फारिया, आईवडील गोव्याचे, ही मुंबईत वाढलेली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी. रीटा लंडनला मिस वर्ल्डसाठी निघाली तेव्हा तिच्याकडे धड कपडे नव्हते. साडी कुणाची तरी मागून आणलेली. आणि पोहण्याचा पोशाख? तो पर्सिस खंबाटाचा! दुसऱ्या मासिकाच्या विजेतीनं आपला पोशाख हिला देऊन टाकला. तो हिच्या उंचीला काही बसेना (रीटा चांगली उंच होती), तेव्हा लंडनमध्ये जवळच्या तीन पौंडांतून नवा घ्यावा लागला, पण ती गोष्ट वेगळी. नोव्हेंबर १९६६ मध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली. पहिली भारतीय. वर्षभराचा करार संपवून ती पुन्हा वैद्यकाकडे वळली, लंडनला किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकली, लग्नानंतर डब्लिनला स्थायिक झाली.

आणि पर्सिस? ती हॉलिवूडला गेली, १९७९ च्या 'स्टार ट्रेक'मध्ये चक्क डोक्याचा गोटा करून उभी राहिली. त्या काळात केस हेच भांडवल असलेल्या मुलीनं! पण मला तिचं आवडतं ते दुसरंच काम. १९९७ साली तिनं 'प्राइड ऑफ इंडिया' नावाचं मोठं पुस्तक काढलं, आणि ते होतं आधीच्या आणि नंतरच्या मिस इंडियांवर. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये ती गेली, पन्नाशीही न गाठता. म्हणजे आयुष्याच्या शेवटी या बाईनं जे एक काम मनावर घेतलं ते आपल्यासारख्याच बायकांना एका पुस्तकात एकत्र बसवण्याचं होतं. आपल्याला रीटाचा मुकुट ठाऊक असतो, पोशाखाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ती खपत नाही ना.

कुणी म्हणेल, ही एवढी गोड उदाहरणंच का निवडली? तर एक कडू घ्या. नूतन. आपली मराठी मुलगी, शोभना समर्थांची थोरली. आईनंच १९५० साली 'हमारी बेटी' काढून तिला पडद्यावर आणलं. सोळाव्या-सतराव्या वर्षी सौंदर्यस्पर्धेचा किताब, पुढे 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी'. नूतनचं आयुष्यातलं मोठं भांडण कुणा प्रतिस्पर्धी नायिकेशी झालं नाही. ते झालं आईशी, आणि झालं कमाईच्या हिशेबावरून. प्रकरण कोर्टात गेलं, मायलेकी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. १९८३ साली दिलजमाई झाली आणि १९९१ मध्ये नूतन गेली. मन दुखावतं ते असं, आणि तिथे रूपाचा काही संबंध नसतो. मुलगी कमावते, हिशेब दुसऱ्याकडे असतो. पण हे भांडण कुणाला पोस्टरावर नको असतं, कारण त्यात आपली सगळ्यांचीच घरं दिसायला लागतात.

मग ही 'मांजरींची भांडणं' छापायला सुरुवात कुणी केली? गंमत अशी की त्या कामात एक मराठी बाई आघाडीवर होती, आणि ती स्वतः मॉडेल होती. शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आताच्या शोभा डे. जन्म सातारा जिल्ह्यातला, १९४८ सालचा. कॉलेजात असतानाच मॉडेलिंग, मग नारी हिरांच्या जाहिरात संस्थेत कॉपीरायटर, आणि १९७१ साली हिरांनी 'स्टारडस्ट' काढलं तेव्हा पहिली संपादक, वय तेवीस. 'नीताज नॅटर' नावाच्या त्या सदरानं कोण कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाचा रोल पळवला, कुणी कुणाची साडी बघून नाक मुरडलं, हे इंग्रजीत हिंदी कालवून इतकं खुसखुशीत सांगितलं की पुढची कित्येक वर्षं सगळी मासिकं तेच करत राहिली. मी तिला दोष देणार नाही. लिहायची जबरदस्त हातोटी होती आणि त्या जगाची आतून माहिती होती. १९८९ च्या 'सोशलाइट ईव्हनिंग्ज'मध्ये तिनं एका मॉडेल झालेल्या मध्यमवर्गीय मुलीची गोष्ट लिहिली, ती मात्र मला नीताच्या सदरापेक्षा खूपच खरी वाटते. तिथे त्या मुलीच्या वाट्याला येणारी मुख्य गोष्ट म्हणजे कंटाळा आणि एकटेपणा.

माझी तक्रार शब्दांबद्दल आहे. दोन पुरुष नट एका भूमिकेसाठी झगडले की आपण त्याला चुरस म्हणतो. दोन फलंदाज संघातल्या एका जागेसाठी झगडले तर निरोगी स्पर्धा. वडशात दोन नाटक कंपन्यांचे मालक एका गावच्या तारखेसाठी एकमेकांचे भाव पाडतात, त्याला धंदा म्हणतात. आणि दोन मुली एका मुकुटासाठी उभ्या राहिल्या की लगेच सवतीमत्सर.

मत्सर नसतो असं मी म्हणत नाही. असतोच. भाचीनं स्वतःच मला सांगितलं, की निकाल लागला त्या रात्री तिला मैत्रिणीच्या टाळ्या ऐकवेनात, ती गच्चीवर जाऊन बसली होती, आणि मनात वाईटसाईट आलं होतं. "पण ते माझं माझ्यापाशी," ती म्हणाली. मुकुट एक आणि डोकी वीस, अशी मांडणी करून वर मुलींनी मनात काही आणू नये असं म्हणणं म्हणजे पंगतीत एकच लाडू वाढून सगळ्यांनी तृप्त व्हावं असं म्हणण्यासारखं आहे. दुसरी आलेली मुलगी गच्चीवर जाऊन रडते आणि सकाळी खाली येते. फोटोखाली घाणेरडी ओळ लिहून पाठवणं हा वेगळ्या जातीचा प्रकार आहे, आणि तो करायला स्पर्धेत उतरावंही लागत नाही.

मधुर भांडारकरचा 'फॅशन' (२००८) मी नुकताच पुन्हा पाहिला. पोस्टरवरून वाटतं की तीन बायका एकमेकींचा जीव घेणार. पुण्याच्या मुग्धा गोडसेचा तो पहिला सिनेमा. प्रत्यक्षात त्यात मेघना शोनालीची जागा घेते, आणि पुढे तीच मेघना उद्ध्वस्त झालेल्या शोनालीला घरी आणून सांभाळते. सूड बघायला गेलेल्यांना त्या सिनेमानं चांगलंच फसवलं म्हणायचं. प्रियांका चोप्रा आणि कंगना राणावत दोघींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. इथेही दोघींना एकेक!

शेवटी आमच्या विदर्भातल्या मुलीबद्दल लिहिलं नाही तर माहेरचे लोक मला सोडणार नाहीत. मधु सप्रे. जन्म नागपूरचा, मुळात खेळाडू. १९९२ ची मिस इंडिया. त्याच वर्षी बँकॉकच्या मिस युनिव्हर्समध्ये ती शेवटच्या तिघींत होती. विचारलं, की देशाची प्रमुख झालीस तर पहिल्यांदा काय करशील? ती म्हणाली, खेळाचं चांगलं मैदान बांधीन. झालं! देशाची गरिबी, दारिद्र्य, मुलांची भूक असं काही बोलायचं सोडून मैदान? नामिबियाची मिशेल मॅकलीन जिंकली आणि मधु तिसरी आली. इंग्रजी कच्चं म्हणून घरच्याच लोकांनी कितीतरी वर्षं तिची टर उडवली. मला मात्र ते उत्तर वर्षानुवर्षं जास्तच पटत आलं आहे. ज्यांनी आमच्याकडच्या मुलींना भातकापणी झालेल्या शेतात, धसकटं टाळत अनवाणी कबड्डी खेळताना पाहिलं आहे, त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते सांगता यायचं नाही.

पुढे १९९५ मध्ये मधु आणि मिलिंद सोमणची ती बुटांची जाहिरात आली. अंगावर कपडे नाहीत, पायात बूट आणि दोघांभोवती अजगर. मुंबईत पोलिसांनी खटला भरला, तो चौदा वर्षं चालला, २००९ साली सगळे निर्दोष सुटले. चौदा वर्षं! तोवर ती लग्न करून इटलीत जाऊन राहिली होती. तिच्यामागे कुणी लागलं असेल तर ते समन्स आणि तारखा. कुणी दुसरी मॉडेल तिचा सूड घ्यायला आल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही.

भाची आणि तिची मैत्रीण अजून बोलत नाहीत. दोघींचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मात्र, एकमेकींना न विचारता, कोशावरच आहे. एकीचा आरमोरीच्या कोशावर आणि दुसरीचा भंडाऱ्याच्या आंधळगावच्या विणकरांवर. मार्गदर्शक बाई एकच असल्यामुळे मला हे कळलं. त्या बाईंनी पुढच्या महिन्यात दोघींना एकाच गाडीनं आंधळगावला पाठवायचं ठरवलं आहे, जागा दोनच आहेत म्हणून. काय होतं ते पाहू.

जाता जाता एक विनंती. आमच्या वडसा, आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरीकडच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी झाडीपट्टीच्या नाटकांची जुनी पोस्टरं असतील (माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, पुस्तकांच्या कव्हरांना लावलेली) तर स्कॅन करून मला नक्की पाठवा. बायकांची नावं त्यावर कधीपासून आणि किती मोठ्या अक्षरांत येऊ लागली हे मला बघायचं आहे. फाटकं असलं तरी चालेल.